पंख किती मोठा हवा? मॉडेल विमानाचं गणित, बेळगावच्या हवेत

येळ्ळूरचा माझा भाचा भातकापणी झाल्यावर एका संध्याकाळी मोडकं विमान घेऊन उद्यमबागेतल्या आमच्या शॉपवर आला. फोमबोर्ड कापून स्वतः बनवलेलं, रिमोटवर चालणारं. पंखाचं एक टोक दुमडलेलं, नाकात माती गेलेली. राजहंसगडाच्या पायथ्याच्या मोकळ्या शेतात तीन दिवसांत तीनदा पडलं होतं.

"मामा, सुटायलंय झकास, सरळ जायलंय, खरं वळवलं की धाडकन खाली," तो म्हणाला.

मी विचारलं, "वजन किती आहे?"

"मोजलो नाही."

"आणि पंखाचं क्षेत्रफळ?"

"एका फोटोत बघितलो आणि अंदाजानं कापलो."

आधी काट्यावर ठेवलं: ११०० ग्रॅम, बॅटरीसकट. मग टेपनं मापं घेतली. पंख टोकापासून टोकापर्यंत १ मीटर, रुंदी १८ सेंटिमीटर. एवढ्या तीन आकड्यांत त्याच्या तिन्ही पडण्यांचं कारण होतं. ते त्याला कागदावर कसं दाखवलं तेच इथं लिहितो, कारण आमच्या भागात ही हौस असलेली पोरं बरीच आहेत. सांबऱ्याला शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आणि मोठी प्रवासी विमानं दोन्ही उतरतात, हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत खऱ्या विमानांचे भाग बनतात, आणि घराघरात कुणीतरी लेथ नाहीतर मिलिंगवर काम करणारा असतोच. हात आहेत, हत्यारं आहेत. गणिताला मात्र पोरं उगीच बिचकतात.

पंखावर किती ओझं?

मॉडेलवाल्यांचं सोयीचं एकक म्हणजे चौरस डेसिमीटर. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद असा चौकोन. भाच्याचा पंख १० डेसिमीटर लांब आणि १.८ डेसिमीटर रुंद, म्हणून क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटर. आता ११०० ग्रॅमला १८ नं भागा. ६१ आले. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौकोनावर ६१ ग्रॅम ओझं. याला विंग लोडिंग म्हणतात, मी पंखभार म्हणतो.

हात बसलेला नसताना शिकायचं विमान असेल तर हा आकडा ३० ते ४० च्या आसपास हवा. हवेवर तरंगत राहणारी ग्लायडर त्याहून बरीच हलकी असतात, वेगानं कापत जाणारी विमानं ६० च्या वर असली तरी चालतात, कारण ती चालवणारा तयार असतो. भाच्यानं शिकाऊ विमान म्हणून जे बनवलं ते पंखभारानं शर्यतीचं निघालं.

इथं एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. बरेच जण खऱ्या विमानाची मापं घेतात, ठरावीक पटीत लहान करतात आणि म्हणतात की प्रमाण बरोबर आहे म्हणजे विमान उडणारच. सेसना १७२ हे चार जणांचं छोटं विमान घ्या. पंख ११ मीटर, क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, उड्डाणाचं जास्तीत जास्त वजन १,१११ किलो. ते नऊ पट लहान केलं तर पंख १.२२ मीटरचा होतो. क्षेत्रफळ मात्र नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ पट घटतं आणि २० चौरस डेसिमीटर उरतं. वजन लांबी, रुंदी, उंची तिन्हींमुळे ७२९ पट घटतं आणि दीड किलो होतं. पंखभार आला ७६. खऱ्या सेसनाचा पंखभार ६८६ आहे, त्यामानानं हा कितीतरी कमी, तरी शिकणाऱ्या पोराच्या हातात ७६ म्हणजे जडच. म्हणून मॉडेल प्रमाणापेक्षा हलकं बनवावं लागतं. रूप हुबेहूब ठेवा, वजन ठेवू नका.

का पडलं?

पंख किती उचल देतो, म्हणजे लिफ्ट किती मिळते, हे ठरवणाऱ्या गोष्टी चारच: हवेची घनता, वेग, पंखाचं क्षेत्रफळ आणि पंखाच्या आकाराचा एक गुणांक. सूत्र असं:

उचल = ½ × घनता × वेग × वेग × क्षेत्रफळ × गुणांक

वेग दोनदा आला आहे, तिकडे नीट लक्ष द्या. वेग दुप्पट केला तर उचल चौपट, आणि वेग निम्मा झाला तर उचल पाव. गुणांक पंख हवेला किती तिरका धरला आहे त्यावर वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढं तिरका केला की वरच्या बाजूची हवा पृष्ठभाग सोडून उखडते आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. मॉडेलच्या बऱ्या आकाराच्या पंखाला हा गुणांक फार तर १.१ पर्यंत नेता येतो असं मी धरतो.

सूत्र उलटं फिरवलं की कमीत कमी किती वेगानं विमान हवेत टिकेल ते मिळतं. भाच्याच्या विमानाचं वजन ११०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १०.८ न्यूटन. क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर, दुपारच्या हवेची घनता घनमीटरला १.०६ किलो. उत्तर आलं सेकंदाला १०.१ मीटर, ताशी साधारण ३७ किलोमीटर.

आता तो प्रत्यक्षात किती वेगानं उडवत होता? मित्रानं मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ होता. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जायला विमानाला नऊ सेकंद लागत होते, आणि ते अंतर त्यानं पावलांनी मोजलेलं होतं, शंभर मीटर. म्हणजे ताशी ४० किलोमीटर. ३७ लागतात आणि ४० आहेत, म्हणून सरळ जाताना सगळं झकास.

वळताना काय होतं? विमान कलतं. पंखाची उचल सरळ वर न राहता बाजूला झुकते. तिचा एक हिस्सा विमानाला वळणावर ओढतो आणि उरलेलाच हिस्सा वजन पेलायला मिळतो. ४५ अंशांनी कललं तर उंची न सोडता वळायला पंखाला वजनाच्या १.४१ पट उचल द्यावी लागते. त्यासाठी लागणारा वेग १.१९ पट होतो. ३७ चे ४३ झाले, विमानाकडं ४० च होते. ६० अंश कललं तर उचल दुप्पट लागते आणि वेग ५० च्या पुढं जातो. भाचा गप्प बसून आकड्यांकडे बघत राहिला. मोटर बदलायला हवी असं त्याला वाटत होतं, तसं दुकानातही कुणी सांगितलं होतं. मोटरचा काही दोष नव्हता.

आमची हवा पातळ

घनता १.०६ कुठून आणली ते सांगतो, कारण बाहेरच्या पुस्तकांतली आणि तयार प्लॅनवरची गणितं बहुतेक वेळा १.२२५ धरून केलेली असतात. तो आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश तापमानाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर, म्हणजे अडीच हजार फूट उंचावर आहे. सांबऱ्याची धावपट्टीही त्याच सुमाराला. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तापमान सारखं असतानासुद्धा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आमच्या हवेत जवळजवळ नऊ टक्के कमी दम असतो. त्यात एप्रिलमधली ३० अंशांची दुपार असली की गरम हवा आणखी फुगते. दोन्ही मिळून घनता १.०६ वर येते, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा १३ टक्क्यांनी कमी. पौषातल्या सकाळी १५ अंशांना तीच १.१२ असते. खानापूर, निपाणी थोडं खाली आहे, तिथं फरक किंचित कमी पडेल.

हा फरक किरकोळ वाटतो. पंखावर मांडून बघू म्हणजे खरा कळेल.

नवीन पंखासाठी आम्ही आधी वजन ठरवलं. हा क्रम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: आधी वजन, मग वेग, मग पंख. मोटर ६० ग्रॅम, वेग आवरणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी ३०, बॅटरी मोठी होती ती काढून २२०० एमएएचची तीन सेलची, साधारण १८०, नऊ ग्रॅमी चार सर्वो (पंख-शेपटाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) ३६, रिसीव्हर, प्रॉपेलर, चाकं, तारा मिळून शंभराच्या आत. म्हणजे सामानच ४०० ग्रॅम. धड आणि पंख मिळून ५०० ग्रॅम धरले. एकूण ९००. आणि विमान ताशी २९ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ८ मीटरला हवेत टिकावं असं ठरवलं.

क्षेत्रफळ काढायला उचलीचं सूत्र असं फिरवायचं: वजनाला ½ × घनता × वेगाचा वर्ग × गुणांक यानं भागायचं. वजन ८.८३ न्यूटन. खाली ½ × १.०६ × ६४ × १.१, म्हणजे ३७.३. भागाकार ०.२३७ चौरस मीटर, म्हणजे २३.७ चौरस डेसिमीटर.

हेच १.२२५ धरून केलं तर २०.५ येतात. फरक ३.२ चौरस डेसिमीटरचा. झेरॉक्सचा ए-फोर कागद मधोमध फाडा, त्यातला अर्धा तुकडा साधारण एवढाच. बाहेरचा प्लॅन जसाच्या तसा बनवणाऱ्या बेळगावच्या पोराच्या पंखाला एवढा तुकडा कमी पडत असतो.

क्षेत्रफळ मिळालं, पण लांबी-रुंदी? तेवढंच क्षेत्रफळ लांब अरुंद पट्टीतही बसतं, आखूड रुंद फळीतही. लांबी भागिले सरासरी रुंदी याला अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात. लांब अरुंद पंख हवेला कमी अडतो, म्हणून ग्लायडरचे पंख तसे. पण तो वाकतो, पिळतो आणि भक्कम करायला वजन घालावं लागतं. शिकाऊ विमानाला ५ ते ६ ठीक. आम्ही ६ घेतला. ६ गुणिले २३.७ म्हणजे १४२, त्याचं वर्गमूळ ११.९ डेसिमीटर. सरळ १२०० मिलिमीटर लांबी आणि २०० मिलिमीटर रुंदी घेतली. क्षेत्रफळ २४, पंखभार ३७.५.

चौकोनी नसलेला पंख

आमच्याकडं जमीन गुंठ्यांत मोजणाऱ्याला हे शिकवावंच लागत नाही. एका बांधाला रुंद आणि दुसऱ्या बांधाला चिंचोळं शेत असेल तर दोन्ही रुंदींची सरासरी काढून लांबीनं गुणतात. निमुळत्या पंखाचंही तसंच. धडाजवळ २२० मिलिमीटर, टोकाला १४०, लांबी १२००: सरासरी १८०, क्षेत्रफळ २१.६ चौरस डेसिमीटर. धडावरून जाणारा मधला तुकडाही धरायचा. दोन्ही पंख वर उचललेले असतील तर वरून बघितल्यावर दिसणारी लांबी घ्यायची, पंखावरून टेप ठेवून आलेली नाही.

गोल टोकांच्या, वाकड्या कडांच्या पंखासाठी मी एक जुनी युक्ती वापरतो. अर्ध्या पंखाचा आकार ३०० जीएसएमच्या कार्डशीटवर काढून कापायचा आणि तुकडा बारीक काट्यावर तोलायचा. ३०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणून एक चौरस डेसिमीटर बरोबर ३ ग्रॅम. तुकडा ३३ ग्रॅम भरला तर अर्धा पंख ११ चौरस डेसिमीटरचा. शंका असेल तर त्याच शीटमधून १० बाय १० चा चौकोन कापून तोही तोला आणि त्यानं भागा. शाळेतल्या पोरांना हे दाखवलं की त्यांना क्षेत्रफळ पहिल्यांदा हातात धरल्यासारखं वाटतं, असं मी कितीदा बघितलंय.

निमुळत्या पंखाला आणखी एक रुंदी लागते, तोल काढायला. ती साधी सरासरी नसते, कारण धडाजवळचा रुंद भाग जास्त काम करतो. कागदावर अशी काढा: धडाजवळची रेघ टोकाच्या रुंदीएवढी पुढं वाढवा, टोकाची रेघ धडाच्या रुंदीएवढी मागं वाढवा, आणि वाढवलेली दोन टोकं तिरक्या रेघेनं जोडा. दोन्ही रुंदींचे मधले बिंदूही जोडा. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथली पंखाची रुंदी घ्या. वरच्या उदाहरणात ती १८३ मिलिमीटर येते. १८० आणि १८३, फरक थोडाच. पण धडाजवळ खूप रुंद आणि टोकाला अगदी बारीक पंख असेल तर तो बराच वाढतो.

पंखाचा आडवा काप

आता पंख भाकरीसारखा आडवा कापला तर जो आकार दिसतो त्याकडं येऊ. यालाच एअरफॉइल म्हणतात. पुढं गोल नाक, वर फुगवटा, मागं निमूळती शेपटी. हा आकार मनानं काढू नये. शंभर वर्षांत लोकांनी वाऱ्याच्या बोगद्यात तपासून आकडे लिहून ठेवलेले आहेत आणि ते सगळ्यांना खुले आहेत.

मी तीस वर्षं पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनवले. फाउंड्रीत ओतलेलं लोखंड गार होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी आमच्याकडं वेगळी वाढवलेली पट्टी असते. ड्रॉइंगवरचं माप एकच, पट्टी बदलली की वस्तू त्या प्रमाणात बदलते. एअरफॉइलचे आकडेही असेच. ते मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्क्यांत असतात. तुमच्या पंखाची रुंदी ही तुमची पट्टी.

नवशिक्यांसाठी मी क्लार्क वाय सुचवतो. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये आखलेला हा आकार, आणि १९२७ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग ज्या विमानातून एकटे अटलांटिक ओलांडून गेले त्याच्या पंखालाही हाच होता. आमच्यासाठी त्याचा मोठा गुण वेगळाच आहे: खालची बाजू ३० टक्क्यांपासून मागं अगदी सपाट. पंख टेबलावर ठेवून जोडता येतो, पीळ पडत नाही.

त्याचे आकडे असे. नाकाच्या टोकाला उंची ३.५. तिथून १.२५ टक्के मागं वरची रेघ ५.४५ वर, खालची १.९३ वर. २.५ टक्क्यांवर ६.५ आणि १.४७. ५ वर ७.९ आणि ०.९३. १० वर ९.६ आणि ०.४२. २० वर ११.३६ आणि ०.०३. ३० वर ११.७ आणि शून्य. इथून पुढं खालची रेघ शून्यावरच, वरचीच द्यायची: ४० वर ११.४, ५० वर १०.५२, ६० वर ९.१५, ७० वर ७.३५, ८० वर ५.२२, ९० वर २.८, ९५ वर १.४९, शेपटीला ०.१२.

आमची रुंदी २०० मिलिमीटर, म्हणून प्रत्येक आकड्याला २ नं गुणायचं. कागदावर २०० मिलिमीटरची रेघ मारा. २० मिलिमीटरवर उभी रेघ, तिच्यावर १९.२ ला खूण. ६० वर २३.४. १०० वर २१. १४० वर १४.७. १८० वर ५.६. मग बाल्सा या हलक्या लाकडाची बारीक पट्टी खुणांवरून वाकवून एका दमात रेघ ओढायची. नाकाजवळच्या खुणा सोडू नका, तिथं आकार झपाट्यानं वळतो आणि नाक टोकदार झालं तर स्टॉल अचानक येतो. शेपटीची जाडी हिशोबानं पाव मिलिमीटर येते, ती जमणार नाही. एक मिलिमीटर ठेवून पॉलिश पेपर मारा.

निमुळत्या पंखाच्या प्रत्येक रिबला (पंखाला आतून आकार देणारा आडवा तुकडा) त्याच्या रुंदीची पट्टी लावायची. टोकाची रुंदी १४० असेल तर गुणायचं १.४ नं, जाडी येईल १६.४ मिलिमीटर.

आणि माझ्या हातून झालेली चूक तुम्ही करू नका. पहिल्या पंखाचे रिब मी अचूक कापले, २३.४ म्हणजे २३.४. मग वरून-खालून दीड मिलिमीटर बाल्साची शीट चिकटवली. पंख २६.४ जाड झाला, ११.७ टक्क्यांचा १३.२ टक्के. आकार बदलला, वजन वाढलं, नाकाची गोलाई गेली. रिब कापतानाच शीटच्या जाडीएवढं आतून कापायला हवं होतं. पॅटर्नवर आयुष्यभर आकसण्याचा हिशोब केलेल्या माणसाला हे आधी सुचलं नाही याचं मला फार वाईट वाटलं होतं.

दुसरा एक आकार तुम्हाला भेटेल तो चार अंकी नावाचा. अमेरिकेतल्या नाका या संस्थेनं, म्हणजे आताच्या नासाच्या आधीच्या संस्थेनं, १९३३ मध्ये अशा ७८ आकारांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. नावातच माप असतं. सेसना १७२ ला असलेला २४१२ घ्या: पहिला २ म्हणजे मधल्या रेघेचा बाक रुंदीच्या दोन टक्के, ४ म्हणजे तो बाक ४० टक्क्यांवर सगळ्यात जास्त, १२ म्हणजे जाडी बारा टक्के. ००१२ म्हणजे बाक नाही, वरखाली सारखा. पलट्या मारणाऱ्या विमानांना असला आकार देतात.

मग सेसनाचाच आकार का घेऊ नये? घेता येतो, पण तिथल्याइतका तो इथं काम करत नाही. काकवीत हात फिरवून बघा आणि पाण्यात फिरवून बघा. लहान आणि सावकाश जाणाऱ्या वस्तूला हवासुद्धा काकवीच्या बाजूला झुकलेली, चिकट वाटते. वस्तू मोठी आणि वेगवान झाली की चिकटपणा नगण्य होतो. हे मोजणाऱ्या आकड्याला रेनॉल्ड्स नंबर म्हणतात. आमच्या २०० मिलिमीटरच्या पंखाला सेकंदाला १० मीटर वेगानं तो सुमारे १,१०,००० येतो, सेसनाला ५० लाखांच्या आसपास. लाखाच्या खालीवर जाड पंखावरून हवा लवकर उखडते. म्हणून पंख जितका लहान तितका आकार पातळ हवा. बारा टक्के ठीक, पंधरा-अठरा टक्क्यांच्या वाटेला जाऊ नये. इलिनॉय विद्यापीठानं सुमारे १६०० आकारांचे आकडे मोफत ठेवले आहेत, त्यांत खास कमी वेगासाठी आखलेलेही आहेत. तिथं बहुतेक आकडे शेपटीपासून सुरू होतात, वरच्या बाजूनं नाकापर्यंत येतात आणि खालून परत जातात, शिवाय १०० ऐवजी १ धरलेला असतो. थेट रुंदीनं गुणा.

तार ओढताना

आम्ही रिब न कापता पॅकिंगच्या थर्मोकोलमधून पंख काढायचं ठरवलं. हिशोब केला: २०० मिलिमीटर रुंदीच्या क्लार्क वायचा काप साधारण ३२ चौरस सेंटिमीटर, गुणिले १२० सेंटिमीटर, म्हणजे ३.८ लिटर. घनमीटरला १५ किलोचं थर्मोकोल धरलं तर ५७ ग्रॅम. परवडलं.

दोन्ही टोकांना फॉर्मिकाचे साचे टाचले. साच्यांच्या कडेवर एक ते वीस खुणा लिहिल्या. नायक्रोमची तार धनुष्यासारखी ताणून तापवली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाचा. "सात... आठ... थांब, नऊ." दोघांनी एकाच वेळी त्याच आकड्यावर असायला हवं. निमुळत्या पंखाला तर हे फारच जपावं लागतं, कारण टोकाचा साचा लहान, तिथला हात हळू सरकायला हवा, आणि एकजण पुढं गेला की पंखाला पीळ बसतो. घाई केली की मधली तार मागं राहते आणि पाठीवर खड्डा पडतो. पहिला तुकडा तसा गेला. दुसरा गुळगुळीत निघाला. धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट, हे काम दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच करा.

मग ३० टक्क्यांवर, म्हणजे नाकापासून ६० मिलिमीटरवर, वरून-खालून लाकडी पट्ट्या बसवल्या. जागा तीच का, तर पंख तिथं सगळ्यात जाड. दोन पट्ट्यांमधलं अंतर दुप्पट झालं तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा चौपट होतो, म्हणून पट्टी जाड करण्याआधी ती जाड जागी ठेवा.

पंख धडावर बसवताना सपाट खालची बाजू धडाच्या मधल्या रेघेला समांतर ठेवली. क्लार्क वायचं नाक त्या सपाट रेघेपेक्षा वर असल्यामुळं पंख आपोआपच जवळपास २ अंश तिरका बसतो. पाचर घालून आणखी तिरका करू नका. मागच्या आडव्या शेपटाला पंखाच्या वीस टक्के, म्हणजे ४.८ चौरस डेसिमीटर दिलं. ते सपाट फोमचंच चालतं.

तोलाची जागा रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर: आमच्या पंखाला नाकापासून ५० ते ६० मिलिमीटर. मी पेन्सिलनं ५५ वर दोन्ही बाजूंना खूण केली आणि त्याला बोटांवर धरायला लावलं. शेपूट खाली गेलं. बॅटरी दीड सेंटिमीटर पुढं सरकवली, समतोल झाला. पुन्हा काट्यावर ठेवलं: ९१५ ग्रॅम. पंखभार ३८.

उडवायला कुठंही जाऊ नका. सांबऱ्याला प्रवासी विमानतळ आहे, हवाई दलाचं ठाणं आहे, शहरात लष्कराचा मोठा भाग आहे. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी दिसते का ते बघा, आणि विमान डोळ्यांना दिसतंय तेवढ्या अंतरातच ठेवा.

रविवारी सकाळी सातला वारा नव्हता. मोटर बंद ठेवून भाच्यानं कमरेइतक्या गवतावर विमान नाक किंचित खाली धरून सोडलं. पहिल्यांदा थोडं वर गेलं, रेंगाळलं, बसलं. बॅटरी आणखी पाच मिलिमीटर पुढं. दुसऱ्यांदा एका रेघेत वीस-पंचवीस पावलं गेलं आणि गवतावर टेकलं. मग मोटर लावली. बांधापासून बांधापर्यंत तेच शंभर मीटर, त्याच वेगानं, आणि टोकाला जाऊन त्यानं डावीकडं वळवलं. पंख कलला, विमान उंची न सोडता फिरून आमच्याकडं तोंड करून आलं.

"मामा, परत एकदा वळवतो, बघा," तो म्हणाला.